राऊंड संपल्यावर

६ फेब्रुवारी

ढब्बू,

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडतोस, म्हणून आता कागद घेऊन बसले आहे. हे पत्र तू वाचलंस की न फोडता कचऱ्यात टाकलंस ते मला कळणार नाही, त्यामुळे मनाला येईल ते लिहिता येईल. तीन वर्षं झाली. सख्ख्या आत्याशी तीन वर्षं अबोला धरण्याइतकं मी काय केलं, ते एकदा तोंड उघडून सांग तरी.

कारण निघालं आहे म्हणून लिहिते. आमच्या कॉलेजनं एक समिती नेमली आहे. डॉक्टर होऊन बाहेर पडणारी मुलं पुढच्या शिक्षणाला मेडिसिन का घेत नाहीत, याचा शोध लावायचा आहे. अध्यक्ष डीन, आणि अहवाल लिहायचं लचांड विभागप्रमुख म्हणून माझ्या गळ्यात. आकडे ऐक. दहा वर्षांपूर्वी प्रवेशपरीक्षेच्या पहिल्या पन्नास नंबरांतली आठ मुलं आमच्याकडे आली होती. यंदा एक. बारा जागांतल्या पाच रिकाम्या. त्वचा आणि रेडिओलॉजी मात्र पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत भरून गेल्या. मला पेढीवर बसलेल्या माणसासारखं वाटलं, समोरच्या दुकानात रांग आणि आपल्याकडे माशा.

आणि हे आकडे लिहिताना मला कोण आठवलं असेल? माझ्या वॉर्डात पाचवीत असल्यापासून वावरलेला, माझा स्टेथोस्कोप गळ्यात घालून आरशासमोर उभा राहणारा एक गोलमटोल मुलगा. तिसऱ्या वर्षात असताना नुसतं हात हातात घेऊन थायरॉईड ओळखणारा. नंबर आला तोही मेडिसिन मिळण्याजोगा. आणि साहेबांनी काय घेतलं? रेडिओलॉजी! अंधाऱ्या खोलीत गार हवेत बसून फोटो बघायचे. ज्याचा फोटो, तो माणूस बाहेर बाकावर.

तुझ्या निकालाच्या दिवशी सगळ्या घरासमोर मी जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र नाही, हेही सांगून ठेवते. "तुझ्या बापाला कुणी पाच प्रश्न नीट विचारले असते तर आज तो इथं बसला असता," एवढंच मी म्हणाले होते. खोटं होतं? तू हातातली बशी खाली ठेवलीस आणि निघून गेलास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले.

पत्र वहिनींकडेच देते आहे. त्या तुझ्या पत्त्यावर टाकतील.

आत्या


१५ फेब्रुवारी

ढब्बू,

वहिनी म्हणाल्या, "तो वाचतो, वन्सं. फाडत नाही." उपकार झाले.

समितीची पहिली बैठक झाली. डीनसाहेबांनी खुर्ची मागे रेलून सांगितलं, "मॅडम, सरळ आहे. या पोरांना कष्ट नकोत. तुम्ही-आम्ही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो. आपल्याला कुणी विचारलं होतं का, दमलात का म्हणून?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तीसेक वर्षं मी हेच बोलत आले आहे. उपायही तिथल्या तिथे ठरला. जो जागा सोडून जाईल त्याला तीन वर्षं कुठल्याच परीक्षेला बसू द्यायचं नाही. मी खाली मान घालून लिहून घेतलं.

माझा संताप कशानं वाढला ते सांगते. यंदाची ती एकुलती एक, पहिल्या पन्नासातली. वॉर्डात तिला सगळे 'पहिली' म्हणायचे. तिनं चौथ्या महिन्यात राजीनामा दिला. हुशार पोर. माझ्या युनिटचा नियम तुला माहीत आहे: पेशंटची हकिकत कागद न बघता सांगायची, सुरुवात त्याच्या कामधंद्यापासून करायची, आणि पाच प्रश्नांची उत्तरं आल्याशिवाय आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. कधीपासून? कुठे, बोट ठेवून दाखवा. कशानं वाढतं, कशानं उतरतं? सोबत आणखी काय होतंय? आणि तुम्हाला स्वतःला काय झालंय असं वाटतं? हिस्टरी अर्धवट असेल तर सगळ्यांसमोरून परत खाटेपाशी जायचं, विचारायचं आणि मग यायचं. भल्याभल्यांना मी असं परत पाठवलं आहे. तुलाही.

तर ही 'पहिली' एका राऊंडला म्हणाली, "बाई आहेत, बहुतेक शिवणकाम करतात." मी म्हटलं, "बहुतेक? परत जा." ती जागची हलली नाही. चादरींच्या कपाटाला टेकून उभी होती आणि डोळे मिटत होते. म्हणाली, "मॅडम, पाच प्रश्न मला पाठ आहेत. विचारायला वेळ कुठून आणू? मी काल सकाळपासून इथेच आहे. एकोणचाळीस पेशंट आहेत माझ्याकडे."

मी काय म्हणाले असेन? तुला अंदाज येईलच. "आम्ही वेळ कुठून आणत होतो?" हेच. दुसऱ्या दिवशी टेबलावर तिचा राजीनामा. चार ओळींचा, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

वॉर्डातल्या सिस्टर (त्याच, तुला चष्मा पुसायला गॉज द्यायच्या त्या) मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, पोरगी चांगली होती हो." मी त्यांच्यावरही डाफरले. नाचता येईना अंगण वाकडं, म्हटलं. आता तिच्या वाटणीचे एकोणचाळीस बाकीच्यांत वाटले गेले. त्यातला एखादा पुढच्या महिन्यात जाईल. मग पुन्हा समिती.

बघ, बोलायचं होतं तुझ्यावर आणि गाडी भलतीकडेच गेली. तुझं बरं आहे. तुझ्या खोलीत चादरींचं कपाटच नाही.

आत्या


२२ फेब्रुवारी

आज कॉलेजच्या ऑफिसातून दहा वर्षांचे फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवले. इंटर्नशिप संपताना प्रत्येकाकडून भरून घेतात ते. नाव लिहायचं नसतं. आजवर ते कुणीही उघडलेले नव्हते, दोरीची गाठ सोडवेना म्हणून कात्रीनं कापावी लागली. सातव्या गठ्ठ्यात, वरून तिसरा.

नाव नसलं म्हणून काय झालं? 'ळ' असा उलटा कोण काढतो? तुला अक्षर कुणी शिकवलं? मी शिकवलं, दादाच्या दुकानात, डिंकाच्या डब्याशेजारी बसून, बांधणीला आलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर.

"जनरल मेडिसिन निवडणार का? नसल्यास कारण लिहा." आणि तू लिहिलंस. तुझेच शब्द उतरवते, म्हणजे तुला विसरल्याचं सोंग घेता येणार नाही.

"नाही. माझे वडील पुस्तकबांधणीचं काम करायचे. वय एकोणपन्नास. एका सकाळी अकरा वाजता छातीत जळजळ होते म्हणून त्यांनी माझ्या माहितीतल्या सर्वांत चांगल्या फिजिशियनना फोन केला. फोन मी लावून दिला होता, स्पीकरवर. त्या आदल्या दिवसापासून वॉर्डात उभ्या होत्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पित्त आहे म्हणाल्या, राऊंड संपल्यावर करते म्हणाल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे बासष्ट पेशंट होते, मी नंतर रजिस्टर पाहिलं. मला असं काम हवं आहे की माझ्या माणसाचा फोन आला तर मला तो नीट घेता येईल."

स्पीकरवर होता.

नऊ वर्षं तुला माहीत होतं आणि नऊ वर्षं तू मूग गिळून बसलास! माझ्या हाताखाली शिकलास, मी खाटेपाशी परत पाठवलं की गेलास, मला आत्या म्हणालास. आणि ते रजिस्टर, तेही दादानंच बांधलेलं, लाल कापडाचं, ते तू चोरून उघडून माझे पेशंट मोजलेस. आणि वर काय, तर "दोष देत नाही". कोण तू? तुला कुणी नेमलं मला दोष न द्यायला? नावही न घालता सरकारी फॉर्मवर माफी वाटतोस आणि तो गठ्ठा दोरी बांधून कपाटात?

पुढे लिहवत नाही.


२४ फेब्रुवारी

ढब्बू,

परवाचं पत्र मी वहिनींकडे दिलं नाही. बंद पाकीट असलं तरी माझ्यानं त्यांच्या हातात देववेना. स्वतः जाऊन टाकलं. हेही तसंच टाकणार आहे.

राग गेलेला नाही. तो कुणावर आहे तेवढं आता नीट पाहते आहे.

त्या सकाळी मी सतराव्या खाटेपाशी होते. तिथल्या म्हाताऱ्याला धाप होती. माझ्याबरोबर एकच रेसिडेंट डॉक्टर, कारण त्या वर्षीही दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या. तेव्हा दोनच होत्या आणि आम्ही म्हणायचो, निभेल. फोन वाजला. मी कानाला लावला आणि खांद्यानं धरला, कारण दोन्ही हात म्हाताऱ्याच्या पाठीवर होते. दादा म्हणाला, "अगं, जळजळतंय जरा. पित्त असावं." मी म्हटलं, "पित्तच आहे. गोळी घे आणि पड. राऊंड संपल्यावर करते." तो म्हणाला, "बरं, बरं, तू कर तुझं काम." एवढंच. अर्धं मिनिटही नसेल. फोन ठेवला आणि मी म्हाताऱ्याला विचारलं, "धाप कधीपासून लागते, आजोबा?" त्या म्हाताऱ्याला मी पाचही प्रश्न विचारले. तो बरा होऊन घरी गेला.

राऊंड अडीचला संपला. तू दीडला फोन केला होतास, चार वेळा. फोन मी तोवर टेबलाच्या खणात टाकला होता, मध्येमध्ये वाजतो म्हणून.

नंतर मी काय केलं ते तुला माहीत आहे. दादा दोन दिवस आधी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे खोकल्यासाठी गेला होता. मी जो भेटेल त्याला सांगत सुटले की त्यांनी नीट विचारलं नाही. ते बिचारे खोकल्याचं औषध देऊन मोकळे झाले होते, छातीचा विषयच निघाला नव्हता. वहिनींनाही मी तेच सांगितलं. हळूहळू नाव गळलं आणि 'कुणीतरी' उरलं. 'कुणी पाच प्रश्न विचारले असते तर.' दरवर्षी नव्या रेसिडेंटांना पहिल्या दिवशी मी हेच उदाहरण देते. माझ्या भावाचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बहुधा माझ्यासारखीला बघूनच निघाली असावी.

आणि तुझ्या निकालाच्या दिवशी मी ते तुझ्या तोंडावर मारलं. तुझी आई समोर बसली होती. तू एक वाक्य बोलला असतास तर माझी वाचा बसली असती. तू बशी ठेवलीस आणि गेलास. मला वाटत होतं, खरं टोचलं म्हणून पोरगं पळालं. मला सांभाळायला तू निघून गेलास हे कळायला मला तीन वर्षं आणि एक कात्री लागली.

ते तू का केलंस? मी मागितलं होतं का? शहाणपणा नको तिथे करायची खोड तुझ्या बापाची. "बरं, बरं, तू कर तुझं काम." छातीवर हात ठेवून सुद्धा माणूस मला वेळ वाचवून देत होता.

आत्या


४ मार्च

ढब्बू,

आज अहवालावर सह्या होत्या. मी केली नाही. सगळं रीतसर सांगते, नाहीतर दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकशील.

तुझा फॉर्म मी कुणाला दाखवला नाही. तो तुझा आहे. मी बैठकीत नुसतीच उभी राहिले. डीनसाहेब म्हणाले, "बसून बोला ना मॅडम." मी म्हटलं, "केस सांगायची आहे, उभ्यानंच सांगतात." हातात कागद नव्हता. "पुस्तकबांधणी करणारे गृहस्थ, वय एकोणपन्नास, छातीत जळजळ, सकाळी अकराच्या आधी सुरू झाली," इथवर आले आणि अडकले. किती आधी? माहीत नाही. कुठे? माहीत नाही. घाम होता का, हात दुखत होता का, जिना चढून वाढलं का? माहीत नाही. मेडिसिनचे दुसरे प्राध्यापक, माझ्याच हाताखाली तयार झालेले, हळूच म्हणाले, "मॅडम, पुढे?" मी म्हटलं, "पुढचं मला सांगता येत नाही. मी विचारलं नव्हतं. पेशंट माझा सख्खा भाऊ होता, आणि मी सव्वीस तास उभी होते."

डीनसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "फार दुःखद आहे. पण त्याचा या विषयाशी काय संबंध?"

ढब्बू, मी आयुष्यात पुष्कळदा चिडले आहे, पण आज चिडले तशी कधी नाही. मी म्हटलं, "साहेब, संबंध? दहा वर्षं पोरं लेखी सांगताहेत आणि आपण दोरीची गाठ सोडली नाही, हा संबंध. बासष्ट माणसं दोघींच्या गळ्यात बांधायची आणि तिसरी पळाली की तिला आळशी म्हणायचं, हा संबंध. मी छत्तीस-छत्तीस तास उभी राहायचे त्याचं कौतुक तुम्ही गेल्या बैठकीत केलंत. त्या उभं राहण्यानं माझा भाऊ गेला. मुलांना कष्ट नकोत असं त्यांतल्या एकानंही लिहिलेलं नाही, मी चारशे फॉर्म वाचले आहेत. त्यांनी लिहिलंय, विचारायला वेळ द्या. हे त्या अहवालात घालणार असाल तर सही करते."

घालणार नाहीत. "भावनेच्या भरात" असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पुढचा विषय घेतला. माझं म्हणणं वेगळं जोडायला सांगितलं, ते मी चार पानी जोडलं आणि पोचपावती घेतली. जागा सोडणाऱ्यांवर तीन वर्षांची बंदी बहुतेक येईलच. तेव्हा फार मोठा पराक्रम झाला असं समजू नकोस. माझ्या युनिटपुरतं एवढंच माझ्या हातात होतं: चोवीस तासांच्या वर उभं असलेल्याला राऊंडला उभं करायचं नाही. त्याच्या वाटणीच्या खाटा मी घेते. काल सिस्टरांनी मला स्टूल आणून दिलं, मी बसले. वॉर्ड कोसळला नाही. 'पहिली'ला पत्र टाकलं आहे. येईल असं वाटत नाही, आणि न आली तर मी तिला नावं ठेवणार नाही.

आणि वहिनींना सांगितलं. रविवारी, सकाळी, समोर बसून. फोन, पित्त, खण, नाक्यावरचे डॉक्टर, सगळं. तुला माहीत होतं हेही. त्या कपड्यांच्या घड्या करत होत्या, तो हात थांबला. शेवटी म्हणाल्या, "वन्सं, आज तुम्ही जा. परत यायचं की नाही ते मी कळवेन." मी चपला घालून निघाले. अजून कळवलेलं नाही. तू मध्ये पडू नकोस. एकदा पडलास तेवढं पुरे.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. मागायचा हक्क नाही, तरी मागते, स्वभावच तसा आहे.

एक, ते "दोष देत नाही" मागे घे. दोष दे. चांगला कडकडून दे, नावानिशी, आत्या म्हणून. बासष्टांचा हिशेब डीनकडे मागायला मी समर्थ आहे. पण त्रेसष्टाव्याला मी विचारलं नाही, ते माझं आहे.

दुसरी. माझ्या युनिटचा नियम: हिस्टरी अर्धवट असेल तर परत खाटेपाशी जायचं. मला जायला ती खाट उरलेली नाही. पण तू होतास तिथे. तू त्याच्या शेजारी बसला होतास, फोन तुझ्या हातात होता. वरातीमागून घोडं आहे हे मला कळतं. नऊ वर्षं उशीर झाला आहे. तरी विचारते.

दादाला कधीपासून होत होतं?

कुठे होत होतं? त्यानं हात कुठे ठेवला होता?

कशानं वाढत होतं? पडल्यावर बरं वाटलं का त्याला?

घाम होता का रे? आणखी काय होत होतं?

आणि त्याला स्वतःला काय वाटत होतं, काय झालंय म्हणून? मला म्हणाला तसं पित्त नव्हे. माझा फोन ठेवल्यावर, तुला काय म्हणाला?

पत्रानं सांगू नकोस. फोन कर. तो आता खणात नसतो, एप्रनच्या खिशात असतो. मी राऊंडमध्ये असेन तेव्हाच कर.

आत्या